प्रोस्टेटची बायोप्सी: पद्धत कशी ठरवायची

पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, कॅन्सरची शंका पाहायला मोजतात ते) वाढलेला आला, डॉक्टर म्हणाले बायोप्सी करून घेऊ, म्हणजे सुईने तुकडे काढून तपासू, आणि दोन दिवसांत नातेवाइकांकडून तीन नावं कानावर पडली: ट्रस, ट्रान्सपेरिनिअल, फ्यूजन. यातलं चांगलं कोणतं, हे विचारत माणूस फिरतो आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो. कारण ही तीन नावं एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. सुई शरीरात कुठून शिरते हा एक प्रश्न, आणि आत गेल्यावर ती नेमकी कुठे टोचायची हे कशावरून ठरवायचं हा दुसरा. फ्यूजन बायोप्सी गुदाशयातूनही होते आणि बाहेरच्या त्वचेतूनही. तेव्हा दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा.

पायरी १: पीएसए एकदा पुन्हा तपासा

एका आकड्यावर सुई टोचून घेऊ नका. लघवीत जंतुसंसर्ग असेल, नुकतीच नळी घातली असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर पीएसए खोटा चढतो. संसर्गावर उपचार करून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये. उलट बाजूनेही फसगत होते. प्रोस्टेट वाढली म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू असेल, तर सहा महिन्यांनंतर पीएसए साधारण निम्मा दिसतो. अशा माणसाचा ३ हा आकडा ६ सारखा वाचायचा. ही गोळी बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली असते, म्हणून आठवणीने सांगा.

पायरी २: सुईच्या आधी एमआरआय

पूर्वी क्रम उलटा होता: आधी बायोप्सी, शंका उरली तर एमआरआय. तो बदलला ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासाने, २०१७ मध्ये. त्यात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग नेहमीची गुदाशयातून होणारी बायोप्सी आणि दर ५ मिलीमीटरला नमुना घेणारी सविस्तर बायोप्सी, अशा दोन्ही केल्या. सविस्तर बायोप्सीत सापडलेल्या महत्त्वाच्या, म्हणजे उपचार लागतील अशा कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के हेरले होते. नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. निम्म्याहून जास्त निसटले.

हे का होतं ते समजायला सोपं आहे. साध्या सोनोग्राफीत प्रोस्टेट दिसते, पण तिच्यातला कॅन्सर बहुतेक वेळा वेगळा उठून दिसत नाही. त्यामुळे डॉक्टर ठरलेल्या जागांवरून १०-१२ नमुने घेतात. बाजारात व्यापारी धान्याच्या पोत्यात पोकळ नळी खुपसून मूठभर माल बाहेर काढतो, तसंच. किडका भाग नळीच्या वाटेत आला तर कळतं, नाहीतर पोतं पास.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स नावाचा १ ते ५ मधला आकडा असतो. १ किंवा २ म्हणजे शंका कमी, ४ किंवा ५ म्हणजे बायोप्सी हवीच. अडतं ते ३ वर. तिथे पीएसए डेन्सिटी कामाला येते आणि ती घरी काढता येते: पीएसएला प्रोस्टेटच्या आकारमानाने भागायचं. आकारमान त्याच रिपोर्टात मिलीलिटरमध्ये लिहिलेलं असतं. पीएसए ६ आणि प्रोस्टेट ६० मिलीलिटरची असेल तर डेन्सिटी ०.१०, तोच ६ जर ३० मिलीलिटरच्या प्रोस्टेटमधून येत असेल तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर डॉक्टर बायोप्सीकडे झुकतात. आकडा खाली असेल आणि बाकी काही शंका नसेल, तर लक्ष ठेवून थांबता येतं.

स्वच्छ एमआरआय म्हणजे हमी नव्हे. प्रॉमिसमध्येच एमआरआय निर्धोक असलेल्या नऊ-दहा जणांमागे एकाला महत्त्वाचा कॅन्सर निघाला होता. घरात वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, किंवा डॉक्टरांना गुदद्वारातून बोटाने तपासताना गाठ लागत असेल, तर एमआरआय चांगला आला तरी बायोप्सीची चर्चा करा.

हा क्रम पाळायचं आणखी एक व्यवहारी कारण आहे. बायोप्सीनंतर प्रोस्टेटमध्ये रक्त साचतं आणि पुढचे काही आठवडे एमआरआय गढूळ दिसतो. एकदा टोचलं की ती संधी लांबते.

पायरी ३: नेम कसा धरणार, ते विचारा

एमआरआयमध्ये संशयास्पद जागा दिसली की सुई तिथे नेण्याच्या तीन तऱ्हा आहेत. डॉक्टर एमआरआय डोळ्यांसमोर ठेवून सोनोग्राफीवर अंदाजाने तीच जागा गाठतात, ही पहिली. दुसरीत सॉफ्टवेअर एमआरआयचं चित्र चालू सोनोग्राफीवर बसवतं. फ्यूजन म्हणतात ते हे. तिसरीत प्रत्यक्ष एमआरआय मशीनमध्येच सुई घालतात; ती वेळखाऊ आणि महाग आहे, फार ठिकाणी होत नाही.

नेम धरून घेतलेल्या बायोप्सीचा फायदा प्रिसिजन चाचणीत दिसला. ११ देशांतले ५०० पुरुष, २०१८. एमआरआयच्या वाटेने गेलेल्यांत महत्त्वाचा कॅन्सर ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांना. आणि ज्याने माणसाचं आयुष्यात काही बिघडलं नसतं असा किरकोळ कॅन्सर ९ टक्क्यांत निघाला, जुन्या पद्धतीत २२. हा दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. किरकोळ कॅन्सर सापडला की घरातले 'काढून टाका' म्हणतात, आणि मग विनाकारण ऑपरेशन, लघवीवरचा ताबा, लैंगिक अडचणी हे सगळं मागे लागतं. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना बायोप्सी करावीच लागली नाही.

माझं मत सांगतो: पैसे मोजकेच असतील तर ते चांगल्या एमआरआयवर आणि तो वाचणाऱ्या अनुभवी रेडिओलॉजिस्टवर घाला. फ्यूजनचं सॉफ्टवेअर नसेल तर अडत नाही. सराईत हाताखाली अंदाजाने धरलेला नेम आणि सॉफ्टवेअरने धरलेला नेम यांत फार मोठा फरक दिसलेला नाही. नेमाच्या तीन-चार नमुन्यांबरोबर आजूबाजूचे किंवा नेहमीचे नमुनेही घेणार का, हे विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी घेतात.

पीएसए शेकड्यांत असेल, गाठ हाताला कडक लागत असेल आणि हाडांच्या स्कॅनमध्येही कॅन्सर पसरलेला दिसत असेल, तर हा सगळा खटाटोप नको. तिथे थोडे नमुने पुरतात.

पायरी ४: सुई कुठून?

ट्रान्सरेक्टलमध्ये, म्हणजे ज्याला ट्रस बायोप्सी म्हणतात त्यात, सुई गुदाशयाच्या भिंतीतून जाते. ट्रान्सपेरिनिअलमध्ये ती अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून जाते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: सोनोग्राफीची दांडी दोन्हींत गुदद्वारातूनच घालतात. 'खालून काही घालणार नाहीत ना' या अपेक्षेने ट्रान्सपेरिनिअल निवडलेली माणसं टेबलावर नाराज होतात.

मुख्य फरक जंतुसंसर्गाचा. गुदाशयातून जाणारी सुई मलातले जंतू सोबत घेऊन प्रोस्टेटमध्ये आणि रक्तात जाऊ शकते. आपल्याकडे हा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण आतड्यातल्या ई-कोलाय जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं भारतात बऱ्याचदा चालत नाहीत. ब्रिटनमधल्या ट्रान्सलेट चाचणीत (२०२५, ११२६ पुरुष) संसर्गामुळे भरती व्हावं लागलेले ट्रान्सरेक्टल गटात सुमारे २ टक्के होते, ट्रान्सपेरिनिअल गटात एक टक्क्याहून कमी. महत्त्वाचा कॅन्सर सापडण्याचं प्रमाण ५४ विरुद्ध ६० टक्के. प्रोस्टेटच्या पुढच्या भागात सुई खालून सरळ पोचते, तिथे ट्रान्सपेरिनिअल उजवी ठरते. मात्र ती जास्त दुखली असं सांगणारेही याच चाचणीत जास्त होते.

युरोपातल्या युरोलॉजी संघटनेची शिफारस ट्रान्सपेरिनिअलची आहे. तरी गावात फक्त ट्रान्सरेक्टल होत असेल तर घाबरून जायचं कारण नाही. आधी गुदद्वाराचा स्वॅब देऊन जंतूंवर चालणारंच औषध निवडता येतं आणि सुई घालण्याआधी आतून पोविडोन आयोडिनने पुसून घेतलं की धोका आणखी कमी होतो. 'स्वॅब घेणार का? आयोडिन लावणार का?' हे दोन प्रश्न विचारा. नुसत्या बोटाच्या अंदाजाने, सोनोग्राफीशिवाय बायोप्सी सांगितली, तर मात्र दुसरीकडे जा.

भूल कोणती, हेही इथेच विचारा. ट्रान्सरेक्टल बहुधा जागा बधिर करून होते. ट्रान्सपेरिनिअल बधिर करूनही होते, पण अनेक ठिकाणी कमरेत किंवा पूर्ण भूल देतात, आणि मग उपाशीपोटी येणं, एक दिवसाची भरती, विम्याची मंजुरी हे सगळं जोडून येतं.

पायरी ५: गोळ्यांची पिशवी घेऊन जा

नावं पाठ असतील तरी पाकिटं दाखवा. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असेल, तर ती किती दिवस आधी बंद करायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि युरोलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायचं. स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी थांबवणं बायोप्सीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. कमी मात्रेची ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात.

पायरी ६: त्या दिवशी आणि नंतर

सुई स्प्रिंगच्या गनला लावलेली असते. प्रत्येक नमुन्याला 'टक्' असा आवाज येतो आणि माणूस दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच दचकतो. डॉक्टरांना आधी एकदा तो ऐकवायला सांगा. बाहेर येतो तो दीड-दोन सेंटिमीटरचा, शेवईपेक्षा बारीक पांढुरका तुकडा. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. प्रत्येक जागेची बाटली वेगळी आणि तिच्यावर जागेचं नाव, हे महत्त्वाचं. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकले तर कॅन्सर कोणत्या बाजूला होता ते नंतर कळत नाही.

पुढचे काही दिवस लघवीतून थोडं रक्त जातं, वीर्यात काही आठवडे तांबूस किंवा तपकिरी रंग दिसतो. हे अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा आणि बायोप्सी झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका.

पायरी ७: रिपोर्ट एमआरआयशेजारी ठेवून वाचा

किती नमुन्यांपैकी किती बाधित, प्रत्येकात किती टक्के किंवा मिलीमीटर, आणि ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो ते सांगणारा आकडा, एवढं शोधा. ३+३ म्हणजे ग्रेड ग्रुप १. त्यात पुष्कळदा लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांवर राहता येतं. ३+४ म्हणजे ग्रुप २ आणि ४+३ म्हणजे ग्रुप ३. बेरीज दोन्हींची सातच, पण दुसरा जास्त आक्रमक.

मोठा निर्णय घ्यायचा असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ते मागणं रुग्णाचा हक्क आहे, कुणाचा अपमान नाही.

आणि बायोप्सी निगेटिव्ह आली, पण एमआरआयमध्ये पाय-रॅड्स ५ होता, तर पेढे वाटण्याआधी युरोलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांना एकत्र बसून एकच गोष्ट तपासायला सांगा: सुई खरोखर त्या जागेत गेली होती का. खात्री नसेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागते, आणि आधीची ट्रान्सरेक्टल असेल तर या वेळी ट्रान्सपेरिनिअल.