टर्बो ४०० गिअरबॉक्सचं प्लॅनेटरी कॅरिअर कसं दुरुस्त करावं

गिअरबॉक्स उतरवण्याआधी गाडी चालवून बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला घुंईघुंई आवाज येतो आणि तिसऱ्याला थांबतो, तर संशय प्लॅनेटरीवरच घ्या (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरचा संच; ते छोटे गिअर म्हणजे पिनियन, त्यांना पिनांवर धरणारी चौकट म्हणजे कॅरिअर). जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये (१९६४ पासून, पुढे रोल्स-रॉइस आणि जॅग्वारमध्येही आला) तिसरा गिअर एकास एक असतो. तेव्हा अख्खा सेट एकजीव फिरतो, पिनियन आपापल्या पिनेवर फिरतच नाहीत.

उघडल्यावर लोक आधी दात बघतात. दात चांगले असूनही पिना, नीडल (पिनियनच्या आतले सुईसारखे बारीक बेअरिंग रोलर) आणि वॉशर खलास झालेले असू शकतात. पिनियन आणि कॅरिअरच्या मध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.२३ ते ०.६१ मिमी प्ले (मोकळी फट) चालतो. त्याहून जास्त असेल, किंवा पिनियन हाताने डुलत असेल, तर खोलायचं. दात तुटलेले किंवा पिना निळ्या पडलेल्या असतील तर ते भाग सरळ बदला. दात वेल्डिंगने भरून देणारे भेटतात, पण त्या उष्णतेने पृष्ठभागाचा कडक थर जातो. पैसे वाया.

पिनेची टोकं ठोकून बसवलेली असतात. कॅरिअरला खालून नीट आधार द्या, १३ मिमी ड्रिलने ठोकलेली कडा तेवढी उडवा (ड्रिल कॅरिअरला लागू देऊ नका) आणि पंचने (ठोकायच्या लोखंडी दांड्याने) पिन बाहेर काढा.

आता बसवणं. नीडलचा पूर्ण संच नवा घ्या, जुन्यात नवे मिसळू नका. पिनियनमध्ये नीडल व्हॅसलिनने चिकटवा. साधं ग्रीस नको. ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात (एटीएफ) विरघळत नाही आणि फिल्टर तुंबवतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन वॉशर: स्टीलचा पिनियनकडे, ब्राँझचा कॅरिअरकडे. हे उलटं झालं तर ब्राँझ लवकर झिजतो. कॅरिअर दिव्याखाली कोमट करा, पिन फ्रीजरमध्ये गार करा. मग ती हातोड्याच्या हलक्या टोल्यांनी जाते. जाड पंच व्हाइसमध्ये उभा धरून त्याचा ऐरणीसारखा आधार घ्या आणि पिनेचं दुसरं टोक तीन ठिकाणी ठोका. दोन्ही टोकं कॅरिअरच्या पातळीच्या खाली राहिली पाहिजेत, नाहीतर शेजारच्या भागाला घासतात. फीलर गेज पुन्हा लावा.

जोडण्याआधी तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्या उलट दिशेने धुवा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) धातूचा कीस असेल तर कन्व्हर्टर कापून साफ करून घ्या किंवा बदला. तोच कीस नव्या नीडलमध्ये परत येतो.