जुन्या व्ही-एटसाठी कॅमशाफ्ट निवडताना: कोल्हापूरच्या रस्त्यांचा हिशेब

जुन्या अमेरिकन व्ही-एटचं इंजिन उघडलं की बहुतेकांचा पहिला हट्ट आवाजाचा असतो. आयडलिंगला गाडी धडधडली पाहिजे. हा आवाज मोठ्या ओव्हरलॅपमुळे, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट वॉल्व एकाच वेळी जास्त अंश उघडे राहिल्यामुळे येतो. तोच ओव्हरलॅप दसरा चौकाच्या सिग्नलला गाडी बंद पाडतो, ब्रेकचं पेडल कडक करतो आणि खालचा पिकअप खाऊन टाकतो. रोज रस्त्यावर फिरवायच्या गाडीचा कॅम, म्हणजे वॉल्व उघडणारा-मिटवणारा दांडा, निवडताना आधी दोन गोष्टी कागदावर मांडा: इंजिन बहुतेक वेळ किती आरपीएमवर राहणार आणि त्याचं खरं कॉम्प्रेशन किती. कॅटलॉग त्यानंतर उघडा.

इथले आकडे मुख्यतः शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकचे आहेत, म्हणजे २८३, ३२७ आणि ३५० क्युबिक इंच. फोर्ड २८९, ३०२ आणि क्रायस्लर ३१८ यांनाही तत्त्व हेच लागू होतं, पण सामान एकमेकांना चालत नाही. टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारा तुकडा; त्याचा व्यास शेवरोलेत ०.८४२ इंच, फोर्डमध्ये ०.८७५ आणि क्रायस्लरमध्ये ०.९०४. रॉकरचं (पुशरॉडने हलून वॉल्व दाबणाऱ्या भागाचं) गुणोत्तर शेवरोले आणि क्रायस्लरचं १.५, तर या फोर्ड इंजिनांचं १.६. त्यामुळे लोबवरची (कॅमच्या उंचवट्यावरची) तीच लिफ्ट, म्हणजे उचल, फोर्डमध्ये वॉल्वला जास्त उघडते.

आरपीएमचा हिशेब

सूत्र सोपं आहे. ताशी किलोमीटर गुणिले क्राउन-पिनियनचं (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचं) गुणोत्तर गुणिले २०९, भागिले टायरचा व्यास इंचात. टॉप गिअर थेट एकास एक असेल तर हा आकडा बरोबर येतो. २६ इंची टायर आणि ३.०८ चं क्राउन असेल, तर ताशी ८० ला इंजिन जेमतेम १९८० आरपीएमवर असतं. ३.७३ चं क्राउन असेल तर २४००.

आता कॅटलॉगमध्ये ज्या कॅमपुढे '२००० ते ५८००' लिहिलेलं असतं, तो ३.०८ च्या गाडीत घातला तर हायवेला कागलकडे ऐंशीने जातानासुद्धा तो आपल्या कामाच्या पट्ट्यात शिरलेला नसतो. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी किंवा महाद्वार रोडच्या गर्दीचा तर प्रश्नच नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मूळ टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा ऑइलचा जोड) असेल तर अडचण वाढते. मूळ कन्व्हर्टर साधारण १५०० ते १८०० आरपीएमला पकड घेतो, आणि मोठा कॅम तिथे अजून झोपेत असतो. पन्हाळ्याची चढण किंवा करूळ घाटातलं वळण तिथून नेटाने निघत नाही. ३.०८ आणि ऑटोमॅटिक असेल तर '१००० ते ४८००' अशा पट्ट्यातलाच कॅम घ्या. ३.५५ किंवा त्याहून मोठ्या आकड्याचं क्राउन आणि चार गिअरचा हाताचा बॉक्स असेल, तर '१५०० ते ५५००' पर्यंत जायला हरकत नाही.

कॉम्प्रेशन आणि इनटेक बंद होण्याची वेळ

कॅमच्या कार्डावर चार वेळा दिलेल्या असतात. त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे इनटेक वॉल्व बंद होण्याची. पिस्टन तळातून वर निघाल्यावरही इनटेक काही अंश उघडा राहतो आणि तो मिटेपर्यंत दाब तयारच होत नाही. कमी आरपीएमला तेवढी हवा उलट मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते.

३५० इंजिनाचा स्ट्रोक ३.४८ इंच आणि कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. इनटेक तळानंतर ६० अंशांना बंद झाला, तर दाबायला उरलेला स्ट्रोक साधारण २.८१ इंच. ७० अंशांना बंद झाला तर २.५७. कागदावरचं कॉम्प्रेशन ८.५ असलेल्या इंजिनात पहिल्या कॅमने प्रत्यक्ष कॉम्प्रेशन सुमारे ७.१ मिळतं, दुसऱ्याने ६.५ च्या आसपास. ६.५ वर इंजिन खाली मेल्यासारखं वागतं आणि पेट्रोल मात्र भरपूर पितं. तोच ७० अंशांचा कॅम ९.५ कॉम्प्रेशनवर ७.३ देतो आणि नीट चालतो. म्हणजे कॅम वाईट नसतो, त्याची जोडी चुकलेली असते.

लोखंडी हेड आणि पंपावरचं साधं पेट्रोल असेल, तर प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ७.२ ते ७.८ मध्ये राहील असं बघा. सत्तरच्या दशकातली इंजिनं बहुधा ८ ते ८.५ ची असतात, त्यांना इनटेक लवकर मिटवणारा छोटा कॅमच शोभतो. बंद होण्याची वेळ कार्डावर नसेल तर काढता येते: इनटेक सेंटरलाइन (इनटेक सर्वांत जास्त उघडतो तो अंश) अधिक इनटेकच्या ड्युरेशनचं (वॉल्व जितके अंश उघडा राहतो त्याचं) निम्मं, वजा १८०. ड्युरेशन २५६ आणि सेंटरलाइन १०८ असेल, तर १०८ अधिक १२८ वजा १८०, म्हणजे ५६ अंश.

यातलं ड्युरेशन जाहिरातीचं. दोन कंपन्यांचे कॅम ताडून बघताना मात्र ०.०५० इंच लिफ्टवरचं ड्युरेशन घ्या. जाहिरातीचं ड्युरेशन प्रत्येक कंपनी आपापल्या बिंदूपासून मोजते, त्यामुळे तिथे तुलना फसते.

३५० साठी, ८.५ कॉम्प्रेशन, ऑटोमॅटिक आणि ३.०८ धरून: ०.०५० वर २०४ ते २१० अंश, वॉल्व लिफ्ट ०.४२० ते ०.४४०, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर) ११२ अंश. त्याच इंजिनात कॉम्प्रेशन ९.५ असेल, चार गिअर आणि ३.५५ असेल, तर २१८ अंश, ०.४५० च्या आसपास लिफ्ट आणि ११० सेपरेशन. गाडी रोज शहरात चालवायची असेल तर याच्या पुढे जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. २८३ किंवा ३०२ असेल तर या आकड्यांतून ६ ते ८ अंश कमी करा, कारण छोट्या इंजिनाला तेच ड्युरेशन मोठं पडतं. दोन कॅममध्ये मन अडकलं तर लहान घ्या.

व्हॅक्यूम: इथे उंचीही मोजावी लागते

ओव्हरलॅप काढायला इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची सरासरी घ्या आणि तीतून सेपरेशनची दुप्पट वजा करा. २६८ आणि ११० असेल तर ४८ अंश. सेपरेशन १०६ केलं तर तोच कॅम ५६ अंशांवर जातो, आवाज जाडा होतो आणि आयडलिंगचा व्हॅक्यूम (मॅनिफोल्डमधली ओढ, पाऱ्याच्या इंचांत) पडतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. त्यामुळे मुंबईत १८ इंच दाखवणारं इंजिन इथे १६ च्या आसपास दाखवतं. पन्हाळ्यावर आणखी इंचभर जातो. या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरला १५ इंच तरी हवेत, नाहीतर लागोपाठ दुसऱ्यांदा दाबताना पेडल दगड होतं. बाहेरच्या देशातल्या यादीत 'पॉवर ब्रेकला चालेल' असं काठावर लिहिलेला कॅम इथे चालेलच असं धरू नका. बूस्टर असेल तर सेपरेशन ११२ च्या खाली नको. आधी सध्याच्या इंजिनाचा व्हॅक्यूम गेजवर बघून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येते. होली कार्बोरेटर असेल तर पॉवर वॉल्वचा (जोर लागताना जादा पेट्रोल सोडणाऱ्या वॉल्वचा) नंबर नव्या आयडलिंग व्हॅक्यूमच्या निम्म्याजवळ ठेवा. व्हॅक्यूम १२ आला तर साडेपाच-सहाचा. तो चुकला तर आयडलिंगला प्लग काळे पडतात आणि दोष कॅमवर जातो.

स्प्रिंग, हेड आणि उद्यमनगरातलं काम

कॅमसोबत स्प्रिंग बदलायच्याच. मूळ शेवरोले स्प्रिंगचा बसलेला दाब ८० पौंडांच्या आसपास असतो, आणि पन्नास वर्षांनी तेवढाही उरत नाही. रस्त्यावरच्या फ्लॅट टॅपेट कॅमला (ज्यात टॅपेटचा तळच लोबवर घासतो) बसलेला दाब १०० ते ११५ पौंड आणि पूर्ण उघडल्यावर २६० ते २९० पुरेसा होतो. जास्त कडक स्प्रिंग घातली तर लोब लवकर झिजतो.

हेड उतरवलंच आहे तर तीन मापं घ्या. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला किमान ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बाकी हवेत. रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) आणि गाइडच्या सीलमध्ये ५० थाऊ हवेत. मूळ शेवरोले हेडमध्ये ०.४५० ते ०.४७० लिफ्टच्या पुढे इथेच अडतं. तिसरं माप पिस्टन आणि वॉल्वमधलं: इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. हे माप हलकी स्प्रिंग आणि घन टॅपेट लावून, पिस्टन वरच्या टोकाच्या दहा अंश अलीकडे आणि पलीकडे डायल गेजने घ्या. आपल्याकडच्या जुन्या हेडला आजवर कितीदा फेसिंग झालंय याची नोंद कुणाकडेच नसते, म्हणून हे माप चुकवू नका.

शेवरोलेचे रॉकर स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात. कडक स्प्रिंगने ते हळूहळू वर सरकतात आणि त्या वॉल्वचा आवाज सुरू होतो. शिवाजी उद्यमनगरात हेडचं काम करणाऱ्यांकडून बॉस फेस करून, आटे पाडून स्क्रूचे स्टड बसवून घ्या. हे काम आपल्याकडे उत्तम होतं.

कॅम ग्राइंड करून घ्यायचा विचार असेल तर मात्र जपून. फ्लॅट टॅपेट कॅमचा लोब सपाट दिसतो, पण त्याला एका बाजूला एक-दोन थाऊचा उतार असतो. टॅपेटचा तळही किंचित फुगीर असतो. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून धरले तर ते डुलतात, जुने झिजलेले डुलत नाहीत. हा उतार आणि हा फुगवटा मिळून टॅपेटला फिरवतात, आणि फिरणं थांबलं की लोब गेला. ट्रॅक्टरच्या किंवा डिझेल इंजिनाच्या सवयीने सरळ ग्राइंड केलेला कॅम इथे फार दिवस टिकत नाही. शिवाय बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) ४० थाऊ खाली गेलं तर टॅपेटही तेवढंच खाली बसतं, आणि मग लांब पुशरॉड शोधावे लागतात. ग्राइंड करणाऱ्याला उतार राखता येत असेल आणि नंतर फॉस्फेटचा काळा थर देता येत असेल तरच द्या. नव्या कॅमला नवेच टॅपेट लावा. रोलर कॅम (ज्याच्या टॅपेटला चाक असतं) घेतला तर ही झिजण्याची भीती जाते, पण खर्च बराच वाढतो. जुन्या शेवरोले ब्लॉकमध्ये कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट बटण लागतं आणि डिस्ट्रिब्युटरचं गिअर कॅमच्या धातूला जुळणारं लागतं.

बसवताना

टायमिंग चेन डबल रोलर घ्या. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मूळ कॅम गिअरना नायलॉनचे दात असतात. ते तुटून पॅनमध्ये पडतात आणि ऑइल पंपाची जाळी बंद करतात. म्हणून चेन बदलताना पॅनही उतरवा.

खुणा जुळल्या म्हणजे कॅम बरोबर बसला असं धरू नका. क्रँकवर डिग्री चकती लावा, पिस्टन स्टॉपने खरा वरचा बिंदू काढा. एक नंबरच्या इनटेक टॅपेटवर डायल ठेवून पूर्ण लिफ्टच्या ५० थाऊ आधीचा आणि ५० थाऊ नंतरचा अंश टिपा. दोन्हींची सरासरी म्हणजे सेंटरलाइन. कार्डावर १०६ असताना ११० आली, तर कॅम चार अंश मागे आहे आणि खालचा जोर गेला. अशा वेळी क्रँकच्या गिअरची दुसरी खाच वापरून दुरुस्त करा.

कॅमचे लोब आणि टॅपेटचे तळ मॉलीच्या पेस्टने माखा, टॅपेटच्या कडांना फक्त ऑइल लावा. हायड्रॉलिक टॅपेट सेट करताना पुशरॉडचा खुळखुळा संपला की तिथून नट अर्धा फेरा आवळा. शेवरोलेच्या ३/८ इंची स्टडवर तो साधारण २१ थाऊ होतो. क्रम असा: एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करा, इनटेक पूर्ण उघडून बंद होत आला की एक्झॉस्ट.

पहिली वीस मिनिटं

फ्लॅट टॅपेट कॅमचं आयुष्य इथे ठरतं. सुरू करण्याआधी ड्रिलने ऑइल पंप फिरवून सगळ्या रॉकरवर ऑइल येऊ द्या. रेडिएटर भरा आणि समोर मोठा पंखा ठेवा. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरा आणि टायमिंग अंदाजे लावा, म्हणजे इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होईल. लांबवर स्टार्टर मारत बसलात तर पेस्ट निघून जाते. सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वर-खाली करत वीस ते तीस मिनिटं तसंच ठेवा. या वेळात आयडलिंग करू नका, कारण लोबला ऑइल क्रँकच्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं आणि कमी आरपीएमला ते पोचत नाही. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा थेट २००० वर न्या.

ऑइलमध्ये झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं झेडडीडीपी भरपूर हवं. नव्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. डिझेलसाठीचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं ऑइल इथे सहज मिळतं आणि अशा इंजिनांना चांगलं पडतं. पहिल्या भरण्याला वेगळं ब्रेक-इन ऑइल मिळालं तर उत्तमच. अर्ध्या तासानंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि जुना फिल्टर कापून कागदाची घडी उलगडून बघा. करडी चमक थोडी असतेच. बोटाला टोचणारे कण आले तर थांबा.

मग सुरुवातीचं टायमिंग १० ते १४ अंश, एकूण ३४ ते ३६ अंश आणि तेही ३००० आरपीएमच्या आत, असं लावा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून प्लगचा रंग बघून मुख्य जेट एक-दोन नंबरने वाढवावे लागतात.

पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा तपासा. एखादाच वॉल्व सैल सापडला तर आवळून सोडून देऊ नका. आठवड्याने तोच पुन्हा सैल झाला तर त्याच्या पुशरॉडवर डायल लावून लिफ्ट मोजा आणि शेजारच्या त्याच प्रकारच्या वॉल्वशी ताडून बघा. पाच थाऊपेक्षा जास्त फरक आला तर तो लोब चालला. अशा वेळी एक टॅपेट बदलून भागत नाही. लोबचा चुरा सगळ्या इंजिनात फिरलेला असतो, म्हणून पॅन, ऑइल पंप आणि मेन बेअरिंग उघडून साफ केल्याशिवाय दुसरा कॅम आत घालू नका.