जुन्या मारुती ८००ला टचस्क्रीन मीटर कसा बसवायचा

आमच्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, बाबांनी घेतलेली, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. इंजिन ठणठणीत पण मीटरमधला पेट्रोलचा काटा कधी खरं बोलला नाही. अर्धी टाकी दाखवत दाखवत खानापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि कॅन घेऊन भर उन्हात चालत जावं लागलं, त्या दिवशी म्हटलं आता काट्याची भानगडच नको, आकडाच दिसू दे.

पहिल्यांदा एक सांगतो. एवढ्या जुन्या गाडीला ओबीडी पोर्टच (गाडीची माहिती बाहेर देणारं सॉकेट) नसतो, त्यामुळे ब्लूटूथचं डोंगल खुपसून मोबाईलवर मीटर बघायचं हे इथं चालत नाही, सगळं स्वतः मोजायला लागतं. बरेचजण आधी स्क्रीन विकत घेतात आणि तिथंच अडकतात. स्क्रीन शेवटी घ्या ओ, खरी कटकट पॉवर आणि सेन्सरची आहे.

सामान असं: रास्पबेरी पाय ४ म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर (२ जीबीवाला पुरे), ७ इंची टचस्क्रीन, आर्डुइनो नॅनो (सेन्सर वाचणारा छोटा बोर्ड), १२चे ५ व्होल्ट करणारा ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर, ए३१४४ हॉल सेन्सर (लोहचुंबक जवळ आला की सिग्नल देणारा), पीसी८१७ ऑप्टोकपलर (वायर थेट न जोडता आतल्या एलईडीच्या उजेडानं सिग्नल पुढं देणारा), थोडे रेझिस्टर, फ्यूज आणि वायरवर चढवायची नळी. नॅनो कशाला तर पायला अ‍ॅनालॉग पिन (कमीजास्त होणारे व्होल्ट मोजणाऱ्या) नसतात आणि त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत, नॅनोला आठ अ‍ॅनालॉग इनपुट आहेत आणि तो ५ व्होल्टवर चालतो. म्हणजे मोजायचं काम नॅनोचं, दाखवायचं काम पायचं, मधे एक यूएसबी केबल.

पॉवर

बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय कशालाच हात लावू नका. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात खरं, पण इंजिन चालू असताना १४च्या वर असते, स्टार्टर मारताना ८-९ पर्यंत खाली येते, आणि अल्टरनेटरचा एखादा झटका ४० व्होल्टच्याही पुढं जाऊ शकतो. म्हणून बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर लगेच ३ अँपिअरचा फ्यूज, त्यानंतर असले झटके गिळणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, मग बक कन्व्हर्टर. पाय आणि स्क्रीन मिळून साधारण १० वॉट खातात, १२ व्होल्टला एक अँपिअरच्या आतच, त्यामुळे ३चा फ्यूज भरपूर झाला.

मी सुरुवातीला शहाणपणा करून पॉवर सरळ चावीच्या वायरीवरून घेतली. चावी बंद केली की पाय धाडकन बंद. आठ-दहा दिवसांत एसडी कार्ड खराब, स्क्रीनवर नुसती अक्षरं. मग बॅटरीवरून कायमची लाईन घेऊन मधे चावी बंद झाल्यावर मिनिटभरानं तोडणारा टायमर रिले घातला, आणि चावीची वायर ऑप्टोकपलरमधून पायला दिली, म्हणजे चावी फिरली हे त्याला कळतं आणि तो स्वतःहून नीट शटडाऊन होतो. शिवाय पायच्या सेटिंगमध्ये (रास्पी-कॉन्फिग) ओव्हरले फाईल सिस्टिम चालू करा, कार्डवर काही लिहिलंच जात नाही.

स्पीड

जीपीएसवर स्पीड दाखवता येतो पण चोर्ल्याच्या घाटात दाट झाडीत आणि वळणावर तो मागं पडतो. मी पुढच्या डाव्या चाकाच्या शाफ्टवर दोन छोटे लोहचुंबक समोरासमोर अ‍ॅरल्डाईट आणि होज क्लिपनं बसवले (एकच लावला तर तोल जातो) आणि ३-४ मिलिमीटर अंतरावर हॉल सेन्सर. त्याच्या आउटपुटला १० किलो-ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावायला विसरू नका, नाहीतर काहीच येत नाही.

हिशेब सोपा आहे. १४५/७० आर १२ टायरचा घेर जवळजवळ १.६ मीटर, चाकाच्या एका फेऱ्याला दोन पल्स (चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक), म्हणजे एका पल्सला ८० सेंटिमीटर. तुमच्या टायरवर काय छापलंय ते आधी बघा. नंतर हायवेला काकतीच्या पुढं निघून पाच किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत पल्स मोजा, ६,२००-६,३००च्या आसपास यायला पाहिजेत, जो आकडा येईल तोच प्रोग्रॅममध्ये घाला.

आरपीएम

इंजिनचे मिनिटाला किती फेरे ते ठिणगीवरून मोजायचं. पण इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवर ठिणगी पडताना शेकड्यानं व्होल्ट येतात, ती वायर थेट नॅनोला लावली की नॅनो गेला म्हणून समजा. मधे १० किलो-ओहम, एक वॉटचा रेझिस्टर आणि ऑप्टोकपलर, त्याच्या एलईडीला उलटा एक डायोड. तीन सिलिंडरच्या इंजिनला एका फेऱ्यात दीड ठिणगी, म्हणजे १००० आरपीएमला सेकंदाला २५ पल्स. ४ मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा पल्स सोडून द्या.

पेट्रोल आणि टेम्परेचर

टाकीतल्या फ्लोटची वायर जुन्या मीटरपासून सोडवून ५ व्होल्टवरून १०० ओहमच्या अर्ध्या वॉटच्या रेझिस्टरमधून द्या. १२ व्होल्ट थेट कधीच नको, आत पेट्रोल आहे. टाकी २८ लिटरची पण तिचा आकार वेडावाकडा, त्यामुळे अर्धा काटा म्हणजे १४ लिटर असं होत नाही. रिझर्व्हला आल्यावर पाच-पाच लिटर भरायचं, गाडी पंपाच्या बाहेर बाजूला घ्यायची, रीडिंग लिहायचं, परत लाईनीत. पंपावरच्या पोरानं तिसऱ्या वेळी विचारलंच, काय अण्णा, पैसे मोजून मोजून येतायत काय. घाटात पेट्रोल हिंदकळतं म्हणून अर्ध्या मिनिटाची सरासरी दाखवा.

टेम्परेचरचा सेंडर (इंजिनवरचा सेन्सर) थंड इंजिनवरच काढा. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, किती कमी ते पातेल्यात पाण्यात बुडवून थर्मामीटर आणि मल्टिमीटर धरून दर दहा डिग्रीला लिहून घ्या. इथं माझा एक दिवस गेला, कारण पाणी खळाखळा उकळतंय आणि थर्मामीटर ९७-९८च्या वर जाईना. मी दुकानदाराला शिव्या घालायच्या बेतात होतो, मग डोक्यात आलं की बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे, इथं पाणी शंभरला उकळतच नाही! थर्मामीटर बरोबर होता. आणि हो, ते पातेलं परत स्वयंपाकात घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

स्क्रीन

नॅनो सेकंदाला दहा वेळा एक ओळ पाठवतो, पायवर पायथनचा छोटा प्रोग्रॅम ती वाचून आकडे काढतो. पाय उठायला वीस-तीस सेकंद घेतो, तोपर्यंत गाडी गल्लीतून बाहेर येते. स्पीडचा आकडा सगळ्यात मोठा ठेवा, बटणं अंगठ्याएवढी, कारण आमच्याकडच्या खड्ड्यांत बारीक बटणावर बोट बसत नाही. पार्किंग लाईटच्या वायरीवरून ब्राईटनेस कमी होईल असं करा, रात्री डोळ्यांवर येतं. चौकटीचा नमुना आधी पुठ्ठ्याचा कापून बसवून बघा, मगच उद्यमबागला एबीएस प्लास्टिकची शीट कापून घ्या, मी उलटं केलं आणि शीट वाया घालवली.

खानापूरकडच्या पावसात ओल सगळीकडे शिरते, म्हणून सोल्डरवर वॉर्निश मारा. भातशेतीजवळ गाडी लावत असाल तर उंदरांसाठी सगळ्या वायरींवर नळी चढवाच.

जुना मीटर मात्र काढू नका. केबलचा स्पीडोमीटर आणि किलोमीटरचे आकडे तसेच चालू राहू देत, एफसीला (फिटनेस सर्टिफिकेटला) गेल्यावर तेच दाखवायचे असतात. ऑइलचा लाल दिवा तर अजिबात कॉम्प्युटरमधून नेऊ नका, प्रोग्रॅम अडकला आणि दिवा लागलाच नाही तर इंजिन जाईल. माझी स्क्रीन जुन्या मीटरच्या खाली रेडिओच्या जागेवर आहे.

ग्लोव्हबॉक्समध्ये ३ अँपिअरचे दोन फ्यूज, कॉपी केलेलं एक एसडी कार्ड आणि कुठली वायर कुठल्या रंगाची याचा कागद ठेवा. तो कागद मी केला नव्हता, सहा महिन्यांनी डॅशबोर्ड उघडला तर पिवळ्या चार वायरी आणि त्यातली फ्लोटची कुठली ते मलाच माहीत नाही.