कॅम्पिंगसाठी मोठा चाकू घेताय? आधी मूठ बघा, पातं नंतर

मोठा फिक्स्ड ब्लेड (म्हणजे न मिटणारा) चाकू घ्यायचा म्हटलं की सगळे आधी पातंच बघतात, किती लांब आहे, काळं कोटिंग आहे का, पाठीला करवतीचे दात आहेत का वगैरे. मी पण तेच केलं होतं. पहिला चाकू घेतला तो निव्वळ दिसण्यावर, दहा इंची पातं, आणि दुसऱ्याच ट्रिपला ओंडका फोडताना कटकन आवाज आला, बघतो तर पातं लाकडात रुतलेलं आणि मूठ माझ्या हातात. मुठीच्या आत पेन्सिलएवढी काडी होती, ती पण पात्याला नुसती वेल्ड केलेली. तेव्हापासून मी कुठलाही चाकू मुठीकडून बघायला सुरुवात करतो.

तर पहिली गोष्ट टँग, म्हणजे पात्याचा मुठीच्या आत जाणारा भाग. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत आणि मुठीएवढ्याच रुंदीचं गेलेलं असेल तर तो फुल टँग. मुठीच्या दोन फळ्यांमधे पोलादाची पट्टी कडेने दिसते, त्यामुळे लगेच ओळखू येतं. रबरी मुठीत ती झाकली जाते, मग माहिती नीट वाचायची, आणि टँगबद्दल चकार शब्द नसेल तर मी तो चाकू सोडून देतो. अरुंद टँगवाले सगळेच टाकाऊ असं नाही हां, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन सैनिकांकडे असलेल्या का-बार चाकूची टँग अरुंदच आहे, पण ती मुठीतून थेट शेवटपर्यंत जाते. पोकळ मुठीत काडेपेटी न् गळ ठेवायची सोय असलेले चाकू मात्र लाकूडकामाला नकोच.

मूठ धरून बघताना नुसती धरू नका, घट्ट आवळून हवेत दहा-बारा वेळा तोडल्यासारखं करा. कुठे टोचतंय का, बोट पुढे धारेकडे सरकतंय का ते तेव्हाच कळतं. बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी दुकानात भारी वाटतात पण खाचा आपल्या बोटांना जुळल्या नाहीत तर अर्ध्या तासात फोड येतात. मुठीसाठी मायकार्टा (कापडाचे थर रेझिनमधे दाबून बनवलेलं) मला सगळ्यात आवडतं, ओल्या हातातही सटकत नाही.

लांबीचं म्हणाल तर सात ते नऊ इंच बास. त्यामागचा हिशोब साधा आहे, ओंडका फोडताना आपण पातं त्यावर आडवं ठेवतो आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने मारतो, पातं आत गेलं की मारायला टोक बाहेर राहायला हवं, म्हणून सात इंची पात्याने चार-पाच इंच जाडीचाच ओंडका फोडायचा. पात्याची जाडी पाच मिलीमीटरच्या आसपास, तीनच्या खाली गेलात तर असल्या कामाला जीव कमी पडतो आणि सहाच्या वर नुसतं ओझं. फांद्या तोडायच्या असतील तर तोल मुठीच्या पुढे हवा, चाकू बोटावर तोलून बघा, नेपाळी खुकरी लहान असूनही जोरात बसते ती याचमुळे.

पोलादात मी १०९५ किंवा ५१६० हे प्रकार बघतो. दोन्ही कार्बन स्टील, गंजतात, पण मार सोसतात आणि दगडावर पटकन धार घेतात. डी२ या पोलादात साधारण १२ टक्के क्रोमियम असल्याने गंज कमी आणि धार जास्त टिकते, पण आडवा दणका बसला तर तुकडा उडू शकतो. मोठ्या चाकूला रॉकवेल मापावर (पोलादाचा कडकपणा मोजायची मोजपट्टी) ५६-५८ कडकपणा मला पुरेसा वाटतो. धारेचा उतार सपाट किंवा किंचित फुगीर हवा, आत दबलेला नको, धारेमागे पोलादच उरत नाही. आणि पाठीची कड काटकोनी, टोकदार असेल तर फेरो रॉडवर (आग पेटवायला घासायची कांडी) ठिणग्या मस्त पडतात. करवतीच्या दातांनी लाकूड नीट कापलं जात नाही, उलट फोडताना मारायचं लाकूडच खरवडून निघतं.

म्यान लोक बघतच नाहीत! चाकू आत घालून म्यान गादीवर उलटं धरा आणि हलवा, पडला तर नापास. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं म्हणून घरी आल्यावर चाकू बाहेर काढून, पुसून, तेलाचा हात फिरवूनच ठेवायचा. कायडेक्स म्हणजे कडक प्लास्टिकच्या म्यानाला पाण्याचं टेन्शन नाही, फक्त आत वाळू गेली की पात्यावर ओरखडे येतात, तेव्हा धुवायचं.

आणि हो, एवढा मोठा चाकू जवळ बाळगायचे नियम जागेगणिक बदलतात, निघायच्या आधी तिथले बघून घ्या, प्रवासात तो हाताशी न ठेवता सॅकमधे तळाशी बांधून ठेवा. सोबत तीन-चार इंची छोटा चाकू पण घ्या, कारण नऊ इंची पात्याने कांदा चिरायला गेलात तर बघणाऱ्यांची करमणूक तेवढी होईल.