दुकानातला क्यूआर: लावायचा कसा आणि रात्री मेळ कसा बसवायचा

गल्ल्यावर क्यूआर लावायला अर्धा तास पुरतो. रात्री रोख, यूपीआय आणि उधारी यांचा मेळ बसवायला मात्र शिस्त लागते, आणि किराणा दुकानात घोळ होतो तो बहुतेक तिथेच.

आधी खातं वेगळं करा. घरच्या बचत खात्याचा क्यूआर दुकानात चिकटवला की मुलाच्या फीचे पैसे, मेहुण्याने परत केलेले हातउसने आणि साखरेची विक्री एकाच स्टेटमेंटमध्ये येते, आणि मार्चमध्ये यातली विक्री कुठली हे सीएला सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत याचाच फटका बसला. यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि अनेकांनी घाबरून क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. त्या पाटीने काही साधत नाही, कारण रोखीची विक्रीही उलाढालीतच धरतात. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि त्या ४० लाखांत करमाफ दूध-भाजीही मोजतात. (फक्त करमाफ मालच विकत असाल तर नोंदणी नको.) उलट प्राप्तिकराच्या अनुमानित नफ्याच्या योजनेत डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरतात आणि रोखीवर ८ टक्के. म्हणजे यूपीआयची विक्री लपवण्यात फायदा तर नाहीच, तोटा आहे.

क्यूआर व्यापारी खात्याचाच घ्या. पॅन, आधार आणि गुमास्ता किंवा उद्यम नोंदणीवर तो मिळतो. ग्राहकाच्या बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाचं गणित वेगळं असतं, ते आधी विचारून घ्या. पैसे लगेच खात्यात येतात की दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा, हेही विचारा. पैसे आले की रक्कम बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सचं भाडं बऱ्याचदा त्या गठ्ठ्यातूनच कापतात, आणि मग महिन्यातून एकदा शंभर-सव्वाशेचा फरक कुठून आला म्हणून दुकानदार डोकं खाजवत बसतो.

जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं, त्याच्या साधारण दहावा भाग क्यूआरची बाजू हवी. काउंटरवर ७-८ सेंमी पुरे; दीड मीटरवरून स्कॅन करायचं तर १५ सेंमी. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा पकडत नाही, म्हणून मॅट घ्या. शटरवर किंवा बाहेरच्या भिंतीवर लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रातोरात दुकानांच्या क्यूआरवर दुसरे स्टिकर चिकटवले गेले होते. रोज शटर उघडल्यावर स्वतः एकदा स्कॅन करा आणि पडद्यावर आपल्याच दुकानाचं नाव येतं का बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पुरावा मानू नका. तशीच खूण दाखवणारी बनावट ॲप्स आहेत, काही तर आवाजही काढतात. साउंडबॉक्सवरही डोळे झाकून विश्वास नको: आतल्या सिमचं नेटवर्क गेलं की तो उशिरा बोलतो, आणि पाठोपाठ दोघांनी ५०-५० दिले तर एकदाच वाजलेलं दोघांच्या नावावर खपतं. शंका आली की आपल्या ॲपमध्ये नाव आणि वेळ बघा. तेवढ्याने भागलं नाही तर १२ अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, जुळवा.

“पैसे कापले गेले, पण तुमच्याकडे आले नाहीत” हा रोजचा वाद. माल द्यायचा की नाही ते ओळखीवर ठरवा, पण यूटीआर आणि गिऱ्हाइकाचा नंबर वहीत टिपा. दुकानाला पैसे पोचले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार त्याने आपल्या ॲपमधून किंवा बँकेत करायची.

आता रात्रीचा हिशेब. समजा गल्ल्यात ११,४५० आहेत. सकाळी सुट्ट्यांसाठी २,००० ठेवले होते ते वजा, दूधवाल्याला गल्ल्यातून दिलेले १,८०० मिळवा: रोख विक्री ११,२५०. यूपीआयवर १५,८२०, पण त्यातले १,५०० जुन्या उधारीचे, म्हणजे आजची विक्री १४,३२०. दोन्ही मिळून २५,५७०. बिलं मात्र २६,०१० ची. फरक ४४०: त्यातले ३०० आजच्या उधारीचे, वहीत सापडतात, उरलेले १४० अडकलेल्या व्यवहाराचे, ज्याचा यूटीआर दुपारी टिपला होता. यूपीआयवर उधारीची वसुली आली की तिथल्या तिथे वहीत त्या रकमेपुढे ‘यू’ लिहायची सवय लावा. ती नसेल तर रोज रात्री विक्री फुगलेली दिसेल, आणि कारण सापडणार नाही.

मेळ बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे “हजार रुपये कॅश द्या, जीपे करतो.” ओळखीच्या माणसाला कधीमधी दिले तर वहीत ‘विक्री नाही’ अशी नोंद करा. अनोळखी माणसाला अजिबात नको. फसवणुकीचा पैसा रोखीत बदलायला असे काउंटर सोपे पडतात. तो पैसा तुमच्या खात्यात आला की माग काढत पोलीस तिथवर येतात आणि तेवढी रक्कम, कधी अख्खं खातंच, गोठतं. “चुकून जास्त गेले, परत पाठवा” म्हणणाऱ्यालाही आधी जमा खरोखर आहे का ते बघून व्यापारी ॲपमधल्या परताव्याच्या पर्यायातूनच पैसे द्या, म्हणजे ज्या खात्यातून आले तिथेच जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या पोरालाही माहीत हवं.

खातं असं कधीही गोठू शकतं, म्हणूनच दुकानाच्या खात्यात आठवडाभराची शिल्लक साठू देऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी घाऊक व्यापाऱ्याची बिलं तिथून भागवा. खातं गोठलंच तर शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याने गोठवलं ते लेखी घ्या, आणि त्या दिवसाचं बिल, यूटीआर व वहीच्या पानाची प्रत त्यांना पाठवा. फसवणूक तुमचीच झाली असेल तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला, आणि तोही पैसे पुढे सरकायच्या आत.