गंजलेली जुनी मारुती ८०० : घेताना काय बघायचं आणि सडलेला पत्रा कसा बदलायचा

मुंबईत पहिल्यांदा जुनी गाडी घेऊन स्वतः नीट करायची असेल तर मारुती ८०० घ्या. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गल्लीतल्या मेकॅनिकलाही तोंडपाठ असतं. कुर्ल्याच्या भंगारबाजारापासून ऑपेरा हाऊसच्या दुकानांपर्यंत सुटे भाग मिळतात, आणि गाडी इतकी हलकी की बंद पडली तर दोघं जण ढकलून बाजूला लावतात. इंजिनाचं काम निघालं तरी ते पैसे मोजून आठवड्यात होतं. पत्र्याचं तसं नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि उघड्यावरचं पार्किंग यांनी इथला पत्रा आतून सडतो, वरून रंग चकचकीत असला तरी. गंज नेहमी पाण्याच्या वाटेवर असतो. ती वाट शोधून मोकळी केली नाही, तर कितीही सुंदर वेल्डिंग करा, दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा भोक पडेल. म्हणून खरेदीपासून रंगापर्यंत एकच प्रश्न धरून चला : पाणी कुठून आत येतं आणि कुठे अडतं?

गाडीच्या आधी कागद

मुंबईत एप्रिल २०१० पासून नवी ८०० विकली गेलेली नाही. म्हणजे मुंबई पासिंगची प्रत्येक ८०० आता पंधरा वर्षांपलीकडची आहे. खासगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, पंधरा वर्षांचं असतं. पुढे फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी ते वाढवून घ्यावं लागतं. त्यामुळे आरसीवरची मुदतीची तारीख पहिल्यांदा वाचा. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक चढत जातो आणि तो तुमच्या गळ्यात पडतो. शिवाय न चालणारी गाडी आरटीओत तपासणीला उभी करता येत नाही, म्हणजे गाडी पूर्ण होईपर्यंत दंडाचं मीटर चालूच राहतं. शक्यतो मुदत शिल्लक असलेली गाडी घ्या, किंवा तो दंड किमतीतून आधीच वजा करायला लावा.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसांचे कागद. ‘सह्या करून देतो, तुम्ही नंतर नावावर करा’ असं म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार करा. थकलेली चलनं ऑनलाइन तपासा. बॉनेटखाली कोरलेला चेसिस नंबर स्वतः वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर पडताळा. तो भाग गंजाने खाल्ला असेल किंवा ग्राइंडर लागलेला दिसत असेल तर तिथूनच परत फिरा. तो पत्रा पुढेही कधी कापायचा नाही की घासायचा नाही.

गाडी बघायला जाताना

बरोबर घ्या : कापडात गुंडाळलेलं फ्रिजवरचं साधं चुंबक, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, जॅक आणि खाली झोपायला जुनी चटई. सकाळच्या उजेडात जा, आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला फोनवरच सांगा.

सुरुवात ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढच्या कार्पेटपासून करा. कार्पेट उचला, त्याखालचं फेल्ट मुठीत दाबा. हाताला गार लागलं, कुबट वास आला, बोटांना तांबूस चिखल लागला, तर वायपरखालच्या जाळीतून किंवा पुढच्या काचेच्या रबरामागून पाणी आत येतंय. आता स्क्रू ड्रायव्हरची मूठ जमिनीच्या पत्र्यावर ठोकत कडेकडेने जा. धड पत्रा टण वाजतो. सडलेला थप असा मेल्यासारखा वाजतो, आणि टोक जरा दाबलं की पापुद्रा सुटून खालचा रस्ता दिसतो. जमिनीला असं हाताएवढं भोक असलं तरी घाबरायचं कारण नाही. सपाट पत्रा नवशिक्यालाही बदलता येतो.

घाबरायचं ते रनिंग बोर्डला. दाराखालचा हा पोकळ पट्टा गाडीचा कणा आहे. जॅक पॉइंटला जॅक लावून चाक जमिनीपासून चार बोटं उचला. पत्रा कुरकुरला किंवा जॅक आत रुतू लागला तर थांबा. गाडी वर असतानाच त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. एरवी नीट लागणारं दार आता घासत असेल तर बॉडी मधून वाकतेय. अशी गाडी फुकट मिळाली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नका. पुढचे शॉकअप वर जिथे बॉडीला बसतात त्या टोप्या आणि खालचे आर्म जिथे बोल्टने अडकतात त्या जागा याच कसोटीच्या. तिथल्या पत्र्यावर तुमचा जीव टांगलेला असतो.

मग चुंबक. मागच्या चाकावरची कमान, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीच्या कडा यांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आहे. डिकीत स्टेपनी काढून खाली बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा, पेट्रोल टाकीचे पट्टे बघा. सीटखालच्या रेलिंगमध्ये किंवा डॅशबोर्डमागच्या वायरींच्या जुडग्यात वाळलेला बारीक गाळ दिसला तर गाडी पुरात बुडालेली आहे. तिच्या वायरिंगचा त्रास संपत नाही.

इंजिनाला दहा मिनिटं पुरेत. थंड असताना सुरू करा. निळा धूर ऑइलचा, आणि गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर पाण्याचा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मेण दिसलं तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या पातळ सीलचा, संशय धरा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजता आलं तर तीन सिलिंडरमधला फरक चौरस सेंटिमीटरला किलोभरापेक्षा जास्त नसावा. एवढं ठीक असेल तर किमतीची घासाघीस पत्र्यावरून करा.

जागा आणि मोसम

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवला की तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात येतात. रस्त्यावर चाकं काढून उभी ठेवलेली गाडी बेवारस समजून उचलली जाते. कापाकापीपुरती कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरी अशा ठिकाणच्या एखाद्या गॅरेजमध्ये महिनाभराची जागा ठरवा आणि बाकीचं हातकाम घरी करा. काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत रंग पुरा होईल असं बघा. दमट हवेत उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. जूनमध्ये अर्धवट उघडलेली गाडी म्हणजे सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

कापणं आणि जोडणं

बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून जागेपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. सीट, कार्पेट, दारांचे आतले पुठ्ठे आणि वेल्डिंगजवळच्या वायरी काढा. प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो, मग स्क्रूसकट पिशवीत, पिशवीवर नाव. अग्निशामक आणि ओलं गोणपाट हाताशी असल्याशिवाय ठिणगी पाडू नका. आतलं फेल्ट आणि डांबरी थर खरवडून काढा. वरून वेल्डिंग केलं की खालून तेच पेटतं.

वरवरचा तांबूस गंज ८० नंबरच्या पेपरने किंवा वायर ब्रशने घासून त्यावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज जागीच निष्क्रिय करणारं रसायन, चालतो. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर तो लावणं म्हणजे पैसे वाया. त्याच्या खालचा गंज तसाच जिवंत राहतो. असा पत्रा कापायचाच, आणि गंजाच्या कडेला नाही तर चमकणारा धड पत्रा लागेपर्यंत, साधारण इंचभर पुढे जाऊन. भोकापुरतंच कापायचा मोह फार होतो. पण कडेचा पातळ पत्रा वेल्डिंगच्या आचेने वितळतो आणि भोक मोठंच होत जातं.

ठिगळासाठी सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा घ्या. जमिनीला २० गेज, म्हणजे जेमतेम ०.९ मिमी, रनिंग बोर्डच्या आतल्या भागाला १८ गेज, सुमारे १.२ मिमी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगला घेऊ नका. जस्ताचा धूर विषारी असतो, ताप भरतो आणि टाकाही धड बसत नाही. पुठ्ठ्यावर माप काढा, पत्रा कापा, कडा वळवून जमिनीवरच्या उठावाशी जुळवा. चारही बाजूंना १० ते १२ मिमी जुन्या पत्र्यावर चढू द्या, आणि एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर मारा. एकदा जोडल्यावर त्या सांध्यात ब्रश जात नाही.

मिग वेल्डिंग, गॅरेजच्या भाषेत सीओटू, आणि ०.८ मिमीची तार. साधा आर्क या पत्र्याला भोकं पाडतो, गॅसची आच पत्रा वेडावाकडा करते. सलग ओढू नका. आधी चार कोपरे टाचा, मग समोरासमोरच्या बाजूंना इंच-इंच अंतरावर टाके घाला. हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. रनिंग बोर्ड कापायचा असेल तर गाडी चारही बाजूंनी स्टँडवर समतल ठेवा, दारं जागेवर राहू द्या, एका वेळी एकच बाजू उघडा आणि प्रत्येक टाक्यानंतर दाराची फट मोजा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधून बसते आणि दारं कायमची बिघडतात. तुमचा हात नवा असेल तर हे काम रोजंदारीवरच्या चांगल्या वेल्डरकडून करून घ्या. तुम्ही शेजारी उभे राहून कापायची रेघ मात्र स्वतः आखा.

डेंटर, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणारा कारागीर, बहुधा म्हणेल, “शेठ, एवढं कशाला कापता, लांबी मारून सपाट करून देतो.” दिसायला होतंही सपाट. पण लांबी ओल शोषते, आणि सडलेल्या पत्र्यावर भरलेली लांबी एक पावसाळा काढून फुगून येते.

सांधे दोन्ही बाजूंनी सीलरने भरा. आता पाण्याच्या वाटा : वायपरखालची जाळी काढून आतला पानांचा गाळ उपसा, दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, दारांची रबरं आणि पुढच्या काचेचं रबर नवं घाला. निचऱ्याचं भोक चुकूनही सीलरने बुजवू नका.

रंग

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. लांबी त्यावर, जास्तीत जास्त २ ते ३ मिमी जाडीची. शंभर ग्रॅम लांबीला साधारण दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. घाईने जास्त घातलात तर पुढे रंगावर डाग उमटतो. घासायला ८०, मग १८०, मग ३२०. प्रायमरला ४००, रंगाच्या आधी ओला ८००. लांबी मात्र ओली घासू नका, ती पाणी धरून ठेवते.

शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवारणीची बंद खोली, म्हणजे बूथ, असलेल्या गॅरेजमध्येच मारून घ्या. त्यातल्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसं कायमची बिघडवतं आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. तयारी तुमची, फवारा त्यांचा, असं ठरवलं तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

रंग सुकल्यावर रनिंग बोर्ड, दारं आणि डिकीच्या पोकळ भागांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं पातळ मेण, फवारा, खालच्या भोकातून थेंब गळेपर्यंत. खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत सोडा, त्याने बुश आणि नळ्यांचं रबर फुगतं. गंजावर थेट काळा डांबरी थरही नको. तो सुटला की त्याच्यामागे पाणी अडतं आणि वरून काहीच दिसत नाही.

रस्त्यावर आणण्याआधी

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरची किट, रबरी नळ्या आणि डॉट ३ ब्रेक ऑइल नवं. लोखंडी ब्रेक पाइप कापडाने पुसून टॉर्चने पाहा. नखाने खरवडल्यावर खड्डे दिसले तर तोही बदला. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत या.

पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरच्या काळातल्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि चिरतात, म्हणून इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या घाला. टाकीच्या आत गंज असेल तर धुऊन घ्या आणि पहिल्या महिन्यात पेट्रोल फिल्टर दोनदा बदला. टायमिंग बेल्ट, रेडिएटरच्या नळ्या आणि थर्मोस्टॅट न विचारता नवे. अॅल्युमिनियमचं हेड असल्यामुळे साधं नळाचं पाणी न भरता कूलंट भरा. टायरवर नक्षी कितीही असो, बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे टायर काढून टाका.

पहिला पाऊस येण्याआधी चारही पायांकडच्या कार्पेटखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा. पहिल्या जोरदार सरीनंतर आणि पुन्हा गणपतीच्या आधी ती काढून बघा. कागद जिथे ओला आहे त्याच्या वर सरळ रेषेत हात फिरवत जा. बहुतेक वेळा वाट काचेच्या रबरात, वायपरखालच्या सांध्यात किंवा पेडलच्या वर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जाणाऱ्या वायरीच्या रबरी ग्रोमेटमध्ये सापडते.