हिशेबाचे सॉफ्टवेअर ई-इन्व्हॉइस पोर्टलशी कसे जोडावे

लातूरच्या मोंढ्यातील किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा व्यापारी ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या नियमाच्या, कक्षेत आला की तो पहिला प्रश्न विचारतो, "साहेब, जोडणीला किती दिवस लागतात?" खरी जोडणी अर्ध्या तासाची असते. वेळ लागतो तो सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे साठलेल्या चुकीच्या नोंदी नीट करायला, आणि म्हणूनच हे काम सांगताना मी नेहमी त्या टोकापासून सुरुवात करतो.

त्याआधी आपल्याला हा नियम लागू होतो का, ते पाहावे. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. यंदा पहिल्यांदाच ही मर्यादा ओलांडली असेल, तर पुढील १ एप्रिलपासून ते लागू होते. येथे डाळीच्या व्यापाऱ्यांची हमखास फसगत होते. सुट्या डाळीवर कर नसल्याने तिच्या विक्रीला ई-इन्व्हॉइस लागत नाही, परंतु तीच विक्री उलाढालीत मात्र धरली जाते. चार कोटींची सुटी डाळ आणि दीड कोटीचा करपात्र माल विकणारा व्यापारी म्हणूनच या नियमात बसतो, आणि त्या दीड कोटीतील जी बिले जीएसटी क्रमांक असलेल्या खरेदीदाराला दिली जातात, त्यांची नोंद त्याला पोर्टलवर करावी लागते. क्रमांक नसलेल्या किरकोळ ग्राहकाच्या बिलाला हे लागू नाही.

आता नोंदी नीट करण्याचे काम. प्रत्येक खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक चालू आहे की रद्द झाला आहे, हे तपासावे. मग पत्ता, राज्य आणि पिनकोड यांचा मेळ घालावा. नांदेडच्या एका दुकानात निजामाबादच्या खरेदीदाराचे बिल सारखे परत येत होते. त्याचा क्रमांक ३६ ने, म्हणजे तेलंगणाच्या संकेतांकाने सुरू होत होता आणि पिनकोडही तिथलाच होता, पण खात्यात राज्य 'महाराष्ट्र' निवडलेले होते, त्यामुळे सॉफ्टवेअर आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधील विक्रीवरचा कर) सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातील विक्रीवरचे कर) लावत होते. हातात छापील बिल देण्याच्या काळात ही चूक खपून जात असे. पोर्टल ती खपवून घेत नाही.

मालाच्या नोंदीत दोन गोष्टी पाहाव्यात. ५ कोटींच्या वर उलाढाल असल्यास एचएसएन संकेतांक, म्हणजे मालाच्या प्रकाराचा क्रमांक, किमान सहा अंकी हवा, म्हणजे सळईसाठी ७२१४ पुरत नाही, ७२१४२० लिहावे लागते. दुसरे म्हणजे एकक. आपण 'कट्टा' म्हणतो, पण पोर्टलला कट्टा ठाऊक नाही. तेथे 'बॅग्ज', 'क्विंटल' किंवा 'केजीएस' (किलो) अशा ठरलेल्या एककाशी आपले एकक जोडून ठेवावे. बिल क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्याची सुरुवात शून्याने, आडव्या रेघेने किंवा तिरक्या रेघेने होऊ नये, आणि त्यात देवनागरी अक्षर चालत नाही. चोपडीवर 'श्री' अवश्य लिहावे, बिल क्रमांकात मात्र नको.

एवढे झाल्यावर ई-इन्व्हॉइस पोर्टलवर लॉगिन करावे. ई-वे बिलाचे (मालवाहतुकीसाठीचे ऑनलाइन बिल) खाते आधीच असेल, तर एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पोर्टलवर तेच नाव आणि पासवर्ड चालतात. तेथे 'एपीआय रजिस्ट्रेशन' या भागात 'यूझर क्रेडेन्शियल्स' मधून नवीन एपीआय यूझर (सॉफ्टवेअरने पोर्टलशी थेट जोडले जाण्यासाठीचे खाते) तयार करावा, 'थ्रू जीएसपी' हा पर्याय घ्यावा आणि आपले सॉफ्टवेअर ज्या जीएसटी सुविधा पुरवठादारामार्फत (जीएसपी) चालते, त्याचे नाव यादीतून निवडावे. हे नाव आणि पासवर्ड रोजच्या लॉगिनपेक्षा वेगळे असतात, हे लक्षात ठेवावे. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-११ दाबून ई-इन्व्हॉइसिंग 'यस' करावे, लागू होण्याची तारीख भरावी आणि पहिले बिल पाठवताना हे एपीआय यूझरचे नाव व पासवर्ड द्यावेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये शब्द निराळे असतात, क्रम हाच.

पहिले बिल गर्दीच्या वेळी पाठवू नये. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अशा वेळी चूक दाखवणारा संदेश वाचायला डोके शांत राहत नाही. एक साधे खरे बिल निवडावे; ते स्वीकारले गेले की चौसष्ट अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड परत येतो, आणि तो कोड छापील बिलावर उमटतो की नाही, हे पाहूनच पुढे जावे. '२१५०' हा संदेश आला तर घाबरू नये, त्या बिलाचा आयआरएन आधीच तयार झालेला असतो. नव्या क्रमांकाने दुसरे बिल करण्याची चूक करू नये. सॉफ्टवेअरची जोडणी अडलीच, तर बिलाची जेसन फाइल काढून ती पोर्टलवर थेट अपलोड करता येते.

चुकलेले बिल पोर्टलवर दुरुस्त करता येत नाही, चोवीस तासांच्या आत रद्दच करावे लागते, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावे. चोवीस तास उलटल्यावर क्रेडिट नोटचा, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या चिठ्ठीचा, मार्ग उरतो. ज्यांची उलाढाल १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनी बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत नोंद करणे १ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे महिनाअखेरीस सगळी बिले एकदम चढवण्याची सवय त्यांनी सोडावी. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. नवे बिल पुढच्याच क्रमांकाने करावे.